सावे सरांचे टक्के

अजूनही लग्नपत्रिका हातात आली की मला सावे सर आठवतात. ऑफिसातल्या राऊतांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर सरांनी ती आधी कॉम्प्युटरला दाखवली होती. "नव्वद टक्के जुळतंय, राऊत. नवरानवरीची नावं तेवढी ओरिजिनल."

२०१६ मध्ये आमच्या डहाणूच्या कॉलेजात नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर आलं. मी तिथे ग्रंथपाल होते. कॉम्प्युटर लायब्ररीत, म्हणून भूगोलाचे सावे सरही दिवसभर लायब्ररीत. मुलांचा प्रकल्प त्यात घातला, की इंटरनेटवरून आणि जुन्या प्रकल्पांतून किती उचललंय ते टक्क्यांत यायचं. घोलवडच्या चिकूवरचा एकच प्रकल्प नाव बदलून वर्षानुवर्षं पास होत होता. सरांनी तो पहिल्याच आठवड्यात धरला, आणि पुढे महिनाभर भेटेल त्याला ते चिकूपुराण ऐकावं लागलं.

अडचण एकच होती. तलासरीकडच्या पाड्यांवरची मुलं प्रकल्प हातानं लिहून आणत, आणि हस्ताक्षर त्या यंत्राला वाचता येत नसे. मग सर दोन बोटांनी अख्खा प्रकल्प टाइप करत. चोरी पकडायला आधी स्वतः सगळं उतरवून काढणारा असा पोलीस मी दुसरा पाहिला नाही. मध्येच मला हाक यायची, "मॅडम, ऐका. ही पोरगी लिहिते, आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात किती खाली जातं ते मी दोर सोडून मोजलं. शून्य टक्के!" शून्य आलं की त्या दिवशीचा चहा सरांकडून.

मला त्यांची दया यायची. संध्याकाळी पाठ धरून उठत. शेवटी मी प्राचार्यांना सांगून हाताने लिहिलेल्या प्रकल्पांना सूट मिळवली. सुटले बिचारे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीच्या वेळी येऊन बंद स्क्रीनसमोर बसून राहिले. दुपारी म्हणाले, "सूट तुम्ही मागितलीत?"

"तुमचा त्रास वाचावा म्हणून, सर."

"त्रास कसला? आमची ही गेल्यापासून घरात कोणी दोन वाक्यं बोलत नाही, मॅडम. ही पोरं पानंच्या पानं सांगायची."

मला फार वाईट वाटलं, स्वतःचा रागही आला. पुढच्या दिवशी सकाळी मी गठ्ठ्यातून हाताने लिहिलेला एक जाडजूड प्रकल्प उपसला. धाकट्या डहाणूतल्या बोंबील वाळवण्यावरचा. एक ओळही न वाचता तो सरांपुढे ठेवला.

"सर, मला याचा संशय येतोय."

सरांनी चष्मा पुसला, कॉम्प्युटर सुरू केला. "मलाही," ते म्हणाले. "दोन दिवस तरी लागतील."

मग २०१९ ला सर रिटायर होईपर्यंत मला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाचा संशय येत राहिला.