बंडूकाकांची वाघाटी

बंडूकाकांच्या फाटकातून अंगावरचे कपडे धड ठेवून आत गेलेला माणूस अकोल्याच्या अख्ख्या जठारपेठेत सापडायचा नाही. फाटकाच्या कमानीवर त्यांनी वाघाटीचा वेल चढवला होता. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना जी कडू भाजी आपण तोंड वाकडं करून गिळतो, ती याच वेलाच्या फळांची. त्याचे काटे मांजराच्या नखांसारखे वाकडे. दूधवाल्याची बाही, माझ्या आईचा पदर, मतं मागायला आलेल्या उमेदवाराचा कडक इस्त्रीचा झब्बा. वेलाने कोणाचाही मुलाहिजा ठेवला नाही.

कोणी अडकलं की काका ओसरीवरून ओरडायचे, "ओढू नका! मांगं सरका, मंग सुटते!"

उमेदवार मागे सरला, सुटला आणि तिथूनच हात जोडून निघून गेला. काका दिवसभर खूश होते.

काका निवृत्त ड्रॉइंग मास्तर. वेलाला कात्री लावायची कोणाची छाती नव्हती. उन्हाळा लागला की शेजारच्या घरात मला हाक यायचीच. "पाय बरं लेका, कळी दिसून राहिली का. माहे डोये गेले आता." पांढरी फुलं यायची, गुलाबी व्हायची आणि गळून जायची. फळ काही धरत नव्हतं. काका घरात कोणी आजारी असल्यासारखे गप्प गप्प फिरायचे.

गंमत म्हणजे या माणसाला कडू अजिबात चालत नसे. मेथीची भाजी केली तरी ताट सरकवायचे. काकू म्हणायच्या, "यायले कडू म्हणून माहं बोलनंच तेवढं चालते."

मग हा वेल कशासाठी? तर वसंतासाठी. वसंता म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. पातूरजवळ शेती करायचा. दर आषाढात द्वादशीला, पहिल्या एसटीने, तो उपाशीपोटी अकोल्याला यायचा. हातावर ओरखडे आणि पिशवीत शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची वाघाटी. काकू भाजी करायच्या आणि वसंता इथेच उपास सोडायचा. काका त्याच्यावर डाफरायचे, "हे जहर काहून आनतं बे दरसाली? त्यापरीस आंबे आन!" भाजीला बोटही लावायचे नाहीत. वसंता नुसता हसायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पिशवी घेऊन हजर.

पुढे कापसाने माणसांना जगू दिलं नाही ती वर्षं आली. वसंताने वावर विकलं आणि तो पुण्याला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाला. नव्या मालकाने मशीन लावून धुरा सपाट केला. हे कळलं तसे काका पातूरला धावले आणि उपटून टाकलेल्या वेलाचं मूळ ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आले. तेच हे फाटकावरचं.

यंदा फळं धरली. काकांनी वसंताला फोन केला. तो म्हणाला, "येतो दादा. बारस तुह्याच घरी सोडतो." त्या भरात काकांनी जन्मात पहिल्यांदा एकादशी धरली. संध्याकाळपर्यंत भुकेने सगळ्यांवर खेकसले, पण मोडली नाही.

द्वादशीला मलाही बोलावणं होतं. काकूंनी वाघाटी उकडून, पिळून, परतून ठेवली होती. पाटांपुढे तीन पानं मांडलेली. तेवढ्यात फोन आला. वसंताच्या जागी उभा राहणारा माणूस आदल्या रात्री आलाच नव्हता, त्यामुळे सुटी मिळाली नाही आणि रात्रीची गाडी हुकली.

"बरं," काका म्हणाले. "ड्युटी पयले. तू काही मनाले लावून घेऊ नको. वेल मस्त लदला हाय तुहा."

फोन ठेवून ते पानावर बसले. वसंताचं पान तसंच राहू दिलं. आधी भाजी खाल्ली, सगळी खाल्ली, आणि पुन्हा मागितली. काकूंनी वाढता वाढता विचारलं,

"कडू लागते ना?"

"लागते," काका म्हणाले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. "थो येवढ्या लांबून आनत होता व. एक घास खाल्ला असता, तं मी काय मेलो असतो?"

मला पोचवायला ते फाटकापर्यंत आले. परतताना त्यांची बाही वेलात अडकली. मी सवयीने म्हणालो, "काका, ओढू नका. मागं सरा, सुटेल."

काका हलले नाहीत. रस्त्याकडे बघत तसेच उभे राहिले.

"राहू दे लेका," ते म्हणाले. "कोनी तं धरलं."