अंगणातली जर्मनी

भिकूमामाच्या अंगणात जर्मनी मांडलेली असायची. नदीतले गोटे गोल लावलेले, एकेक गोटा म्हणजे एकेक गाव. कोंबडी तिकडं वळली की मामा काठी घेऊन धावायचा. "हुश्श! राजा आला, राजा!"

आम्ही कुंभारवाडा गावची, रानातली माणसं. आम्हाला पलीकडच्या वाडीची खबर नसते, तर जर्मनी कुठली? पण मामा कुळगीच्या रानात एका जर्मन सायबाकडं स्वयंपाकाला होता. सागवान मोजून दमलेला सायब संध्याकाळी कॉफी घेऊन बसायचा आणि मोडक्यातोडक्या मराठीत गोष्टी सांगायचा. फार पूर्वी म्हणे त्याच्या मुलखातल्या व्यापारी गावांनी राजांना न जुमानता एकी केली होती. पुढं आपसांत फाटलं आणि राजांनी एकेक गाव गिळलं.

ही गोष्ट मामाच्या डोक्यात अशी बसली की विचारू नका. रानडुकरांनी भात तुडवलं की मामा सुस्कारा टाकायचा, "ती गावं एक ऱ्हायली असती तर..."

"मामा, डुकरं आपली हायत, जर्मनीची न्हाईत."

"व्हय रे. पण ऱ्हायली असती तर, म्हंतो मी."

आमटीत मीठ कमी पडलं तरी तेच. मामी वैतागून म्हणायची, "तुज्या मामाला जर्मनीत घरजावई धाडायला पायजे होतं."

मग तिकडं जर्मनीची इंग्रजांशी लढाई पेटली. सायब जर्मन, म्हणून शिपाई येऊन त्याला घेऊन गेले. मामा तडक चालत सुप्याच्या सरकारी कचेरीत गेला. "आमचा सायब त्या राजाचा न्हाई, गावांचा हाय. सोडा त्याला." कचेरी पोट धरून हसली. मामा परतला तो नदीतले गोटे धोतरात बांधून.

लढाई संपली. सायब काही आला नाही. मामाची मांडामांड मात्र चालूच.

एकदा मी त्याला नव्या भाताच्या जेवणाला बोलवायला गेलो. "काय मामा, झाली का गावं एक?"

"झाली की. राजेच न्हाईत, मग लढाई कुठली? सायब कुळगीलाच हाय. कॉफी पीत बसलाय."

थट्टेनं म्हणालो, "मग चला की, भेटून येऊ."

मामानं एक हललेला गोटा परत जागेवर सरकवला.

"नको," म्हणाला. "हितं हाय तो. तितं गेलो तर नसंल."

तेवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यावरून एक कोंबडी उतरली आणि गोट्यांकडं चालू लागली. मामाच्या आधी मीच काठी उचलली.