कात्री घेऊन निघालेली गाडी

इंजिनातलं मला कळतं, असं मी सदर भागातल्या आमच्या ऑफिसात नेहमी सांगत असे. माझ्या मोपेडचा कार्बोरेटर मी स्वतः दोनदा उघडला होता आणि एकदा परत बसवलाही होता.

शहाऐंशी साली माझा मेहुणा केशव सिंगापूरहून रिमोटवर चालणारी हातभर लांब गाडी घेऊन आला. पण नुसता सांगाडा. इंजिन आणि कार्बोरेटर मी निवडून कळवायचं, मग तो पाठवणार. सोबतच्या कॅटलॉगात एक लहान इंजिन होतं, एक मोठं. कार्बोरेटरही दोन तऱ्हेचे, एक नळाच्या चावीसारखा फिरून उघडणारा, दुसरा ड्रॉवरसारखा सरकणारा.

मोपेड दुरुस्त करणाऱ्या जागेश्वरला मी कॅटलॉग दाखवलं.

“कृष्णकांतभाऊ, लहानच घ्या,” तो म्हणाला. “अन् फिरणारा कार्बोरेटर. गाडीतली तार त्याच्याच मापाची हाय.”

“मोठ्यात ताकद जास्त राहते ना गा?”

“राहते. पण बकरीले बैलाचं काळीज लावून काय करता?”

“जागेश्वर काय म्हणून राहिला ते ऐका जरा,” माझी बायको उत्तरा हिनंही बजावलं.

मी मोठं इंजिन आणि सरकणारा कार्बोरेटर मागवला.

तार अर्थातच जुळेना. जागेश्वरनं छत्रीची काडी वाकवून जोड केला. “कधी अटकन ते मले विचारू नका,” एवढंच म्हणाला.

त्याच सुमारास धंतोलीत आमच्या घराशेजारी डॉक्टर श्रीधररावांचा हाडांचा दवाखाना उघडायचा होता. फीत कापायला त्यांच्या आत्या यमुताई येणार होत्या. मी सुचवलं, कात्री तबकातून कशाला, माझी गाडी घेऊन येईल.

“नक्की येईल ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“डॉक्टर, इंजिन मी निवडलंय.”

उद्घाटनाच्या सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी चाळीस-पन्नास माणसं जमली. मी गाडीच्या टपावर रुमालानं कात्री बांधली आणि दोरी ओढली. डब्यात शंभर भुंगे कोंडावेत तसा आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रिमोटचा खटका हलकेच दाबला आणि गाडी सुसाट सुटली.

खटका सोडला, तरी ती सुटलेलीच. छत्रीची काडी अडकली होती आणि कार्बोरेटर सताड उघडा. समोर यमुताई. मी जीव खाऊन गाडी वळवली. कात्री उडून नालीत पडली आणि गाडी फितीखालून थेट दवाखान्यात शिरली. आता ती मला दिसेना. दिसत होता तो फक्त इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा धूर.

आत माणूस आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. पहिला पेशंट तयार असावा म्हणून डॉक्टरांनी खापा गावच्या मारोतरावांना मागच्या दारानं आणून बसवलं होतं. त्यांचा गुडघा धरलेला. दोघांनी उचलून आणलेलं. मी बाहेरून अंदाजानं डावं-उजवं करत होतो आणि आत गाडी त्यांच्या खुर्चीभोवती फेऱ्या मारत होती.

“आई वं,” अशी हाक आली आणि मारोतराव धुरातून धावत बाहेर आले. शर्यत जिंकल्यासारखी छातीनं फीत तोडली आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत थांबले नाहीत.

यमुताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. “श्रीधर, आता मी काय कापू?”

टाकी रिकामी झाली तेव्हा गाडी थांबली. नव्या पांढऱ्या भिंतींवर कंबरेपर्यंत तेलाचे शिंतोडे उडाले होते. मी चिंध्या घेऊन पुसायला गेलो. डॉक्टरांनी चिंध्या ठेवून घेतल्या आणि दार लावलं. ते दार लावणं मला फार लागलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात.

आठ दिवसांनी सकाळी कडी वाजली. दारात मारोतराव उभे, काठीशिवाय. सोबत बायको रुख्माबाई, कमरेत वाकलेल्या. मी हात जोडून माफी मागायला लागलो.

“ते राहू द्या,” मारोतराव म्हणाले. “माहा गुडघा तर मोकळा झाला. आता हिची कंबर पाहा. पेट्रोल किती लागन सांगा, मी आणतो.”

“अहो, मी डॉक्टर नाही. दवाखाना बाजूला आहे,” मी घाईघाईनं सांगितलं.

“तिथूनच तं येऊन राहिलो. त्या डॉक्टरनंच तुमच्याकडं धाडलं.”