नागनाथमामांचा पाण्याचा निकाल

परभणीजवळच्या झरीतले आमचे शेजारी नागनाथमामा कुणाच्याही घरी गेले की चहाला नको म्हणतात, पाण्याला कधीच नाही. आधी एक घोट तोंडात घोळवतात, डोळे मिटतात आणि मग निकाल देतात. "जड हाय." "मचूळ हाय." "हंडा घासत न्हाईत का तुमी?" पाण्याच्या बाबतीत भीडभाड त्यांना ठाऊकच नाही. भाचीसाठी ताडकळसला स्थळ बघायला गेले, तेव्हा भर बैठकीत म्हणाले, "पोरगा लय चांगला हाय, पर तुमचं बोअर खारट हाय. आमची पोरगी काय पिऊन नांदायची?" मी त्यांना बैल दाखवायच्या निमित्तानं बाहेर नेलं, म्हणून ती सोयरीक जमली.

मामा पाणाडे आहेत. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरतात. नारळ उभा राहिला की तिथं विहीर खणायची. ही विद्या वडिलांची. मामा पाच वर्षांचे असताना वडील कोकणात खाणीवर मजुरीला गेले आणि दोन वर्षांनी तापानं तिथंच वारले. त्यांचं शेवटचं पत्र मामांच्या आईनं अजून डब्यात जपलंय. 'इथे मी विहीर दाखवून दिली. पाणी गोड आहे. माझी काळजी करू नये.'

गेल्या श्रावणात शाळेला सुट्टी होती आणि मी समुद्राच्या कडेनं पायी फिरायला कोकणात निघालो होतो. वाटेत ती बंद पडलेली खाण लागते, हे मी सहज बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी मामा पिशवी घेऊन दारात हजर! पिशवीत एक रिकामी बाटली आणि एक नारळ.

"मामा, कोकणात नारळ कशाला नेताय?"

"तिथले नारळ भिजलेले असत्यात, गुर्जी. त्यायला सगळीकडंच पानी वाटतं."

नव्वदीला टेकलेली त्यांची माय काठी टेकत वेशीपर्यंत आली. "बाटली भरून आन. पर आधी तू पी अन् मला खरं सांग. तू पान्यावर खोटं बोलत न्हाईस, म्हनून तुला धाडायले."

तिकडे पाऊस असा, की छत्रीनं दहा मिनिटांत राम म्हटला. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला तांबडा डोंगर आणि पायाखाली चिखल. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, बोट बुडवून चाखला आणि म्हणाले, "येवढं पानी, अन् घोटभर कामाचं न्हाई." मग जी पाठ फिरवली ती फिरवलीच. नारळ मात्र दर दहा पावलांवर उभा राहायला लागला. शेवटी मामांनी तो पिशवीत कोंबला. "येडं झालंय त्ये!"

दुपारी खाण आली. छप्पर उडालेल्या मजुरांच्या खोल्या, गंजलेल्या ट्रॉल्या, सगळ्यावर वेली चढलेल्या. मामा एकेका खोलीत डोकावत राहिले. कळशी घेऊन चाललेल्या एका बाईला मी विचारलं, इथं जुनी विहीर कुठं आहे?

"परभणीकाराची बांव? ती काय, थंय आसा."

विहिरीचं ते नाव मामांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

विहिरीवर बादली होती. मामांनी पाणी शेंदलं, घोट घोळवला, डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"लोखंड लागायलंय, गुर्जी. लय तुरट हाय. मायला बरं वाटावं म्हनून लिवलं बापानं."

तरी ते ओंजळी-ओंजळीनं पोटभर प्याले. नारळ तिथंच फोडला, बाटली भरली. परतीच्या वाटेवर ती बाटली मांडीवरून खाली ठेवली नाही.

परभणीच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र ते बाजूला गेले. बाटलीतलं सगळं पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं. मग सीलबंद पाणी विकत घेतलं, ज्याला ते एरवी 'मेलेलं पानी' म्हणतात, आणि बाटलीत ओतलं. मी बघत होतो, हे त्यांना दिसत होतं.

घरी मायनं घोट घेतला आणि अगदी मामांसारखेच डोळे मिटले.

"गोड हाय की! तिथलंच हाय ना, नाग्या?"

"तिथलंच, माय."

"मग मी उगंच येवढी वर्सं घोर लावून घेतला," असं म्हणून मायनं आणखी एक घोट घेतला.

तिथून मामा माझ्या घरी आले. मी तांब्या पुढं केला. ते गटागटा प्याले, तोंड पुसलं आणि पाण्याबद्दल काहीच बोलले नाहीत.