एकेकोची सिगरेट आणि नॉर्वेची मुलाखत

एखादं काम गुपचूप, आवाज न करता, या कानाचं त्या कानाला कळू न देता पार पाडायचं असेल, तर ते माझ्यावर सोपवावं! ही मी स्वतःची टिमकी वाजवत नाहीये, अख्खा बाजार हेच सांगेल. माझा नवरा देमेत्रिओ हे वाक्य ऐकलं की खोकतो, पण त्याला धुळीचा त्रास आहे.

मी सातुर्निना चुकिमिया. ला पाझच्या वरच्या उतारावर माझं टोप्यांचं दुकान आहे. बायका डोक्यावर तोलून घालतात ना, त्या गोल, ताठ टोप्या. मला एकच मुलगी, नोएमी. ती डोंगरावरच्या बर्फाचा अभ्यास करते. बर्फ वितळतंय, म्हणजे नळाला पाणी कधी येईल आणि कधी येणार नाही, असं काहीतरी ती मोजत असते. पुढचं शिकायला तिनं परदेशातल्या तीन विद्यापीठांत अर्ज केले. एकानं नाही म्हटलं, एकानं उत्तरही दिलं नाही. राहिलं नॉर्वे. तिथून कळवलं, मुलाखत घेतो, संगणकावर समोरासमोर बोलू. शिष्यवृत्तीसकट जागा एक, आणि ती मिळाली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिनं बोलून दाखवलं नाही, पण आईला कळतं.

मुलाखतीची तारीख आली. चोवीस जानेवारी, दुपारी बारा!

"अगं बाई!" मी टाळी वाजवली. "अलासिताचा दिवस! तेही बाराच्या ठोक्याला! याहून शुभ वेळ त्या गोऱ्यांना सापडली नसती!"

नोएमीचा चेहरा मात्र पडला. कारण त्या दिवशी बारा वाजता सगळं शहर जत्रेत असतं. ज्याला जे हवं त्याची बोटाएवढी नक्कल विकत घ्यायची. बोटाएवढं घर, बोटाएवढी गाडी, बोटाएवढा पासपोर्ट. मग बाराच्या ठोक्याला त्यावर धूप, दारूचे शिंतोडे, फुलांच्या पाकळ्या, आणि जे घेतलं ते वर्षभरात खऱ्या आकारात घरी येतं. आमचं बाथरूम असंच आलं.

"आई, ऐक," नोएमी म्हणाली. "त्या वेळी घरात धूर नको. फटाके नकोत. माणसं नकोत. ओर्तेन्सिया आत्या तर अजिबात नको."

"नको म्हणजे नको!"

"आणि तूही खोलीत यायचं नाहीस."

"मी? मी कशाला येईन?"

माझी आखणी अगदी पक्की होती. सकाळीच मी देमेत्रिओला आणि त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या नणंदबाई ओर्तेन्सियांना, जत्रेत पिटाळलं. देमेत्रिओला बजावलं, "पदवीचं सर्टिफिकेट घे, विमानाचं तिकीट घे आणि सूटकेस घे. तिथंच यातिरीकडून धूप घालून घे. आणि एक वाजेपर्यंत तोंड दाखवू नकोस." यातिरी म्हणजे हे सगळं मंत्र म्हणून करून देणारा जाणता माणूस. देमेत्रिओनं मान हलवली. त्याची मान नेहमीच छान हलते.

नॉर्वेवाले वेळेआधीच हजर झाले आणि बाराला दहा मिनिटं असतानाच मुलाखत सुरू झाली. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर, हाताची घडी घालून, ठिबकणाऱ्या नळाचा आवाज होऊ नये म्हणून त्याखाली फडकं ठेवून बसले होते. बंद दाराआडून नोएमीचं इंग्रजी ऐकू येत होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण काय घडाघडा बोलत होती! ऊर भरून आला माझा. आणि ऊर भरून आला असतानाच आठवलं.

एकेको!

एकेको हा आमच्या घरचा मिशीवाला, ठेंगणा, हात पसरून उभा असलेला देव. सगळ्या चिमुकल्या वस्तू त्याच्या अंगावर अडकवायच्या आणि त्याच्या तोंडातल्या भोकात पेटवलेली सिगरेट ठेवायची. त्याच्या सणाच्या दिवशी बारा वाजता सिगरेट मिळाली नाही तर तो रुसतो. गेल्या वर्षी वीस मिनिटं उशीर झाला, तर फ्रिज गेला! आणि हा देव होता कुठं? नोएमीच्या खोलीत, तिच्या बरोब्बर मागच्या फळीवर! तिला जागा बदल म्हणावं, तर त्या खोलीत इंटरनेट फक्त त्याच कोपऱ्यात येतं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न! एका बाजूला नॉर्वे, दुसऱ्या बाजूला एकेको. नॉर्वेची समजूत इंग्रजीत घालता येते, याची कशी घालणार?

मी दार हळूच उघडलं आणि रांगत आत शिरले.

रांगणं हे लहान मुलांसाठी ठीक आहे. चार परकर आणि वर पोयेरा, म्हणजे आमचा घेरदार घागरा, नेसलेल्या माझ्या वयाच्या बाईनं रांगायचं म्हणजे तंबू ओढत नेल्यासारखं होतं. पण मी जमिनीलगत होते. कॅमेऱ्यात दिसणं शक्यच नव्हतं! टोपी काढायचं मात्र माझ्या मनातसुद्धा आलं नाही. समोर प्राध्यापक मंडळी, आणि मी बोडक्या डोक्यानं जाऊ?

फळीखाली पोचले. काडी ओढली. सिगरेट आधी आपण दोन झुरके मारून पेटवावी लागते, मगच तो ओढतो. मी झुरके मारले, खोकला गिळला, हात वर केला आणि चाचपडत त्याच्या तोंडात सिगरेट बसवली. तेवढ्यात नोएमीचा पाय माझ्या खांद्याला लागला. चुकून नाही, चांगला नेम धरून.

मी हळूच मान वळवून पडद्याकडे पाहिलं. तिथं दोन बाया आणि एक दाढीवाला. तिघंही बोलायचं थांबले होते. दाढीवाल्यानं चष्मा पुसून परत घातला आणि काहीतरी विचारलं. नोएमीनं अगदी शांतपणे उत्तर दिलं. नंतर मला कळलं, त्यानं विचारलं होतं, "तुमच्या मागे उभे आहेत ते गृहस्थ आपल्याबरोबर बैठकीत आहेत का?"

मी परत फिरले. दार दोन हातांवर आलं. झालंच होतं काम! आणि धाडकन दार उघडलं.

"वहिनी! अगं बाई, पडलीस की काय?"

दारात नणंदबाई! त्यांच्या मागे देमेत्रिओ. त्याच्या मागे हातात निखाऱ्यांचं भांडं घेतलेले यातिरी सेवेरोबाबा, आणि भांड्यातून असा धूर, की बाबा फक्त कमरेखाली दिसत होते.

मी तोंडावर बोट ठेवलं. नणंदबाईंना वाटलं, माझा ओठ फुटला.

"ड्रायव्हरांनी रस्ता अडवलाय!" त्या ओरडल्या. "खालच्या चौकात टायर जाळलेत! जत्रेपर्यंत जाताच येईना! म्हटलं, बारा वाजायला आले, पोरीचं काम अडायला नको. बाबाही चौकाच्या अलीकडेच अडकले होते. धरून आणलं!"

"पदवी आणलीस?" मी जमिनीवरूनच देमेत्रिओला कुजबुजत विचारलं.

"नाक्यावर एकच म्हातारी बसली होती गं," तो कुजबुजला. "तिच्याकडची पदवी संपली. सिमेंट होतं."

"सिमेंट?"

"दोन पोती. आणि कोंबडा."

चिमुकला कोंबडा म्हणजे नवरा मिळावा म्हणून घेतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी देमेत्रिओकडे पाहिलं. देमेत्रिओनं बहिणीकडे पाहिलं.

"मीच घ्यायला लावला," नणंदबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षांची घोडी झाली! बर्फाशी लग्न करणारे का?"

नोएमी पडद्याकडे बघून हसत होती. असं हसू मी फक्त दाताच्या डॉक्टरकडे पाहिलंय. आणि नेमक्या त्याच क्षणी खालच्या चर्चची घंटा वाजू लागली. बारा!

बारा वाजल्यावर सेवेरोबाबांना जगातली कुठलीही ताकद थांबवू शकत नाही. त्यांनी खणखणीत आवाजात मंत्र सुरू केला. खोलीत धूरच धूर! देमेत्रिओनं भाबडेपणानं सिमेंटची पोती एकेकोच्या गळ्यात अडकवली. आणि नणंदबाई दारूची बाटली घेऊन उभ्या राहिल्या. शिंपडायची कशावर? पदवी तर नव्हतीच. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. नवी गाडी घेतली तर आपण बॉनेटवर दारू शिंपडतो. घर बांधलं तर उंबऱ्यावर. मग नॉर्वे ज्यातून येतंय, त्याच्यावर नको का शिंपडायला?

"वन्सं, नाही!" मी ओरडले.

"नॉर्वे, पोरीला घे गं बाई!" असं म्हणत त्यांनी अर्धी बाटली संगणकावर रिकामी केली. वर मूठभर पाकळ्या.

चर्रर्र असा आवाज झाला. दाढीवाला हिरवा झाला, मग जांभळा झाला, मग गेला.

सेवेरोबाबासुद्धा मंत्राच्या मध्येच थांबले. नोएमीनं पाकळ्या बाजूला केल्या, झाकण मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली.

"झालं," ती म्हणाली. "संपलं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. पण ती नुसती बसून राहिली. एवढी वर्षं ती पहाटे उठून, बोटं गोठेपर्यंत डोंगरावर काठ्या रोवत फिरली, आणि मी रांगत जाऊन ते सगळं बुडवलं होतं. मला तिथंच, जमिनीवर, टोपीसकट रडू फुटलं.

"रडतेस काय?" देमेत्रिओ म्हणाला. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्यावर ओरडला. "नोएमी, फोन कुठाय तुझा? गच्चीवर रेंज येते. ऊठ! मी शिडी धरतो!"

आणि पोरगी उठली! केसांत पाकळ्या, अंगाला दारूचा वास, तशीच धावली. मी मागोमाग. शिडीच्या खालच्या पायरीवर मी पहारा दिला. नणंदबाईंना बाथरूममध्ये बसवून बाहेरून कडी घातली. सेवेरोबाबांनी आपणहून निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि खाली बसून माझ्याकडचा चहा घेतला.

वरून आधी नोएमीचाच आवाज आला. मग तिकडून तिघं एकदम बोलायला लागले. आणि मग हसले! तिघंही! मला कळेना, हे चांगलं की वाईट. चांगला तासभर ती बोलत होती. मध्येच 'इयिमानी' असं आमच्या डोंगराचं नाव ऐकू आलं, तेव्हा मी छातीवर क्रूसाची खूण केली. मुलगी डोंगराबद्दल बोलायला लागली की तिला कुणी हरवू शकत नाही.

खाली आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

"काय विचारलं?"

"आधी विचारलं, आग विझली का? सगळे जिवंत आहेत ना?"

"कसली आग?"

"आई, त्यांना आधी धूर दिसला. मग माणसं धावत आली. मग कुणीतरी पाणी फेकलं आणि सगळं काळं! त्या बाई दूतावासाचा नंबर शोधत होत्या." ती भिंतीला टेकून हसायला लागली. "मग विचारलं, ती टोपी कुणाची?"

"कुठली टोपी?"

"तुझी! पडद्याच्या तळातून नुसती टोपी गेली, आई. डावीकडून उजवीकडे. थोडा वेळ थांबली. मग उजवीकडून डावीकडे."

आता टोपी चांगली होती, एवढं मात्र मी सांगू शकते.

अलासिताची जत्रा काही आठवडे चालते. ती उठायच्या आतच एका दुपारी नोएमी दुकानात धावत आली. मी एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टोपी बसवत होते.

"आई! घेतलं!"

"काय घेतलंस?"

"मी नाही! नॉर्वेनं! मला घेतलं!"

मी अशी किंचाळले, की गिऱ्हाईक टोपीचे पैसे न देताच पळालं! शेजारच्या दुकानदारणी धावल्या, कुणी तिच्या डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले, कुणी बिअर फोडली, नणंदबाई तर सगळ्यांना सांगत सुटल्या की दारू त्यांनीच शिंपडली होती. त्या गडबडीत कुणीतरी विचारलं, "किती दिवस गं?"

"दोन वर्षं," नोएमी म्हणाली. "जास्तही लागतील."

मला हे ठाऊक नव्हतं का? मीच तर येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवत होते, दोन वर्षं, नॉर्वे, शिष्यवृत्ती! पण मी ऐकवणं आणि तिनं म्हणणं, यात फरक आहे. तिला ती जागा मिळावी म्हणून मी एवढी धडपडले, की ती मिळाली म्हणजे पोरगी जाणार, हे बसून विचारात घ्यायला मला फुरसतच झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी गुपचूप जत्रेत गेले. चिमुकल्या तिकिटांच्या टपरीवर एक पोरगी बसली होती.

"या सेन्योरा! कुठलं देऊ? स्पेन आहे, अमेरिका आहे, जपान आहे."

"नॉर्वे ते ला पाझ."

"ला पाझ ते नॉर्वे ना?"

"नाही. उलटं. परत यायचं."

तिनं एक खोका उघडला. त्याखालचा उघडला. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "यायचं नाही हो छापत आम्ही. कुणी मागतच नाही. सगळ्यांना जायचंच हवं असतं."

"मी मागतेय ना!" माझा आवाज चढला. "जायचं छापता तसं यायचं छापा! कागद तोच, शाई तीच!"

मागे उभी असलेली एक म्हातारी पुढे सरकली. "यायचं मिळतं होय? मग मला दोन दे गं. माद्रिदहून."

"मला ब्युनोस आयर्सहून एक," तिच्या मागची म्हणाली.

"चिलीहून आहे का?" आणखी कुणीतरी ओरडलं.

त्या पोरीनं हात जोडले. म्हणाली, उद्या छापून आणते, सगळ्यांनी बारा वाजता या.

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधीच निघाले. पोचले तर रांग टपरीपासून थेट बसथांब्यापर्यंत! सगळ्या माझ्याच वयाच्या. मी तरातरा पुढे गेले आणि म्हटलं, "बाजूला व्हा, ही कल्पना माझी होती!"

"असेल बाई," एकीनं माझ्याकडे न बघता सांगितलं. "मागे उभ्या राहा. आमचीही पोरं लांबच आहेत."

गेले मागे. राहिले उभी.