आधी माती बघ, मग रड

सकाळी उठून बायका झाडांना पाणी घालतात. आमची बायजाक्का सकाळी उठून कुणाला पाणी घालायचं नाही, ते ठरवते.

"आज तुला न्हाई," ती एका रोपाला सांगते. "तुलाबी न्हाई. तू तर परवाच गटागटा पेलास."

शिरूर कासारला आमचं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला लागूनच तिचं अंगण. त्यामुळं हे बोलणं मला रोज ऐकू येतं. तेलाच्या रिकाम्या पिशव्या ती माझ्याकडूनच नेते. तळाला भोकं पाडते, माती भरते, करंज लावते, निंब लावते. रोप वीतभर झालं की त्याचे वाईट दिवस सुरू. पानं लोंबतात, चार-दोन गळतात, पण बाई ढिम्म. अगदी जीव कंठाशी आला की मग अर्धा पेला पाणी.

"अक्का, कावून गं जीव घेतीस त्यांचा?" मी एकदा विचारलं.

"जीव न्हाई घेत काकू, मुळी लांबविते. वरच्या वर पाणी मिळालं की मुळी वरच लोळती. न्हाई मिळालं की जाती खाली हुडकत."

उपास सोसला की पुढची परीक्षा. पाण्यानं भरलेल्या घमेल्यात पिशवी ठेवायची, ती पार चिखल होईपर्यंत. आमची माती काळी. उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पाणी धरून बसते. दोन्ही सोसेल तेच टिकणार, हे तिचं म्हणणं. एक दिवस मला हाका मारमारून बोलावलं. गिऱ्हाईक सोडून धावले, म्हटलं पडली की काय. तर ही घमेल्याशी उकिडवी बसलेली. करंजाच्या बुडाशी पांढरे पांढरे ठिपके उठले होते, वरच्या अंगाला बारीक मुळ्या फुटल्या होत्या.

"बघा काकू, बुडालं तर ह्यानं नवं नाक काढलं!"

असा आनंद तर मी बारशाला आलेल्या आजीच्या तोंडावरही पाहिला नाही.

ही रोपं न्यायची कुणी, तर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी. पावसाळ्यात लावायची, दिवाळी झाली की दाराला कुलूप लावून जायचं, ते पुढच्या पावसाआधी परत. मधले महिने पाणी घालायला घरात माणूस नसतं. म्हणून ही तालीम. एकदा एक पुढारी जीपगाडी घेऊन आला. वृक्षारोपण होतं, फोटो काढायचे होते.

"पाणी कोण घालनार?" अक्कानं विचारलं.

"आम्ही घालू की, मावशी. टँकर लावू."

"मंग न्हाई देत. टँकरवाल्याला माझं रोप कशाला? तुमी बाजारातलं लाडावलेलं आना."

पुढारी हसत हसत गेला, पण गेला रिकामाच.

आमच्याकडच्या माणसांची एक खोड आहे. पाण्याला आयुष्यभर तरसलेले आपण. पान लोंबलेलं दिसलं की तांब्या घेऊन धावतो. समोरच्या टेलरनं तेच केलं. पाणी साचून रोपानं मान टाकली, तर हा रोज बादली ओततोय. रोप गेलं तेव्हा रडकुंडीला आला. अक्कानं त्याला भर रस्त्यात झापलं.

"आरं, तहानेलाबी मान टाकतो आन बुडालेलाबी मान टाकतो! आधी माती बघ, मग रड!"

म्हणजे मातीत बोट खुपसून बघ. तिचं बोट नेहमी काळं असतं ते त्यामुळंच.

आणखी एक नेम. दर आठ-पंधरा दिवसांनी सगळ्या पिशव्या जागच्या हलवायच्या. नाहीतर मुळी भोकातून खाली जमिनीत शिरते आणि रोप देता येत नाही. ती सगळ्या हलवायची, भिंतीकडची एक सोडून. तो करंज कुणी मागितला तर, "ते दिलेलं हाय." न्यायला मात्र कुणी येत नसे. होता होता तो जमिनीत रुजून जायचा, पिशवी फाटायची, आणि अक्का त्याच्या शेजारी नवी पिशवी ठेवायची. तिच्या भिंतीला जी करंजांची रांग आहे, ती मी कितीतरी वर्षं लावलेलीच समजत होते.

"आगं, तेवढीच का नाही हलवत?" मी शेवटी विचारलंच.

ती घमेल्यातलं पाणी ढवळायला लागली.

"मंदीचं हाय ते. आमी कोयता घेऊन गेलो की तिला कधी आजीकडं, कधी मामीकडं, कधी चुलतीकडं ठिवायचे. लई हलवली मी पोरीला. हे तरी एका जागी ऱ्हाऊ द्या."

मंदा तिची एकुलती एक लेक. नांदूरघाटला दिलेली. येते, पण पाहुण्यासारखी येते, चहा घेते, जाते.

यंदा मृगाच्या तोंडावर तिचा फोन आला. नवं घर बांधलंय, दारात पाणी साचतं, लावलेली रोपं गेली, तुझ्याकडचं एक दे. ती यायच्या दिवशी अक्कानं पहाटेच धपाटे थापले. माझ्याकडून शेंगदाणे नेले, पुन्हा येऊन गूळ नेला, पुन्हा येऊन नुसतीच उभी राहिली.

मंदा आली ती टेम्पो उभा करूनच. सगळ्यांत देखणा तो भिंतीकडचा करंज. तिनं सरळ त्याच पिशवीला हात घातला. उचलेना. ओढली, तरी हलेना.

"माय, हे रुतलंय की. कुनाचं हाय?"

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. "हाय एका पोरीचं. तू ते दुसरं ने, पक्कं हाय."

मंदानं दुसरं घेतलं. टेम्पोत बसून पिशवी मांडीवर धरली.

"ह्याला पानी न्हाई घातलं तरी जगतंय?"

"जगतंय की."

"जगतंय," मंदा म्हणाली, "पर पानं गाळतंय, न्हाई का गं?"

टेम्पो निघाला. धपाट्यांचा डबा दारातच राहिला होता. मी तो घेऊन पळाले, पण उशीर झाला.

परत आले तर अक्का भिंतीपाशी बसलेली. करंजाच्या मातीत बोट खुपसून.

"कोरडी हाय का?" मी विचारलं.

"न्हाई. ओली हाय."

आणि तिनं शेजारचा भरलेला तांब्या उचलला, आणि सगळाच्या सगळा त्याच्या बुडाशी ओतला.