मधल्या खोलीचं पाणी

एका जंगलात, पळसाच्या मुळाशी, मुंग्यांनी नवं नगर बांधलं. बाळांनो, नगर म्हणजे काय सांगू! सगळ्या खोल्या एकाच उंचीच्या, भिंतीला भिंत लावून, सरळ ओळीत. प्रत्येक ओळीच्या माथ्यावरून पाण्याची पन्हळ जायची आणि पायथ्याने सांडपाण्याची. म्हणजे प्रत्येक खोलीला दोन्ही सोयी.

वरच्या मजल्यावर मोठे पाट होते. पाट जिथे पन्हळीवरून जाई, तिथे मधल्या मातीत भोक पाडायचं. मग पाटातलं पाणी पन्हळीत उतरायचं. काम अगदी सोपं. म्हणूनच ते मोठ्या शहाण्याला दिलं होतं.

शहाण्याचं नाव रंगोपंत सरडा. नकाशा त्यांनीच काढला होता, आणि फार देखणा काढला होता.

सातव्या ओळीत, अगदी मधोमध, भागी मुंगी राहायची. तिच्या पदरी अकरा पिल्लं होती, अजून पायही न फुटलेली. अशा पिल्लांना ओल लागते. ती नसली, की सुकून जातात.

आता सातव्या ओळीला भोकं दोनच, दोन टोकांना. टोकाच्या खोल्या पोटभर पीत, पुढच्या घोटभर. हावरट कोणीच नव्हतं. पण वाटेत चाळीस घोट झाले, की भागीच्या डोक्यावरची पन्हळ नुसती दमट राही.

तिसऱ्या दिवशी भागी पंतांकडे गेली.

“पंत, माझ्याकडे पाणी येत नाही.”

“येतं,” पंत नकाशातून मान न काढता म्हणाले. “ही निळी रेघ पाटाची. ही पन्हळीची. तुझ्या खोलीवर दोघी भेटतात.”

“भेटत नाहीत हो. एक वरून जाते, एक खालून. मध्ये माती आहे.”

“नकाशात माती दाखवत नाहीत.”

“मग तिथे एक भोक पाडा ना.”

“होतं तिथे. मीच खोडलं. त्या जागेतून दरबारच्या निरोपांचा रस्ता जातो. तो काय तुझ्यासाठी वळवू? निरोप कसा, सरळ पोचला पाहिजे.”

“कसला निरोप असतो, पंत?”

“हाच, की नगरात पाणी मुबलक आहे.”

भागी परत आली. शेजारच्या साळूबाईने विचारलं, “काय म्हणाले गं?”

“पाणी येतंय म्हणाले.”

“बरं झालं बाई. मला वाटलं, मलाच तहान लागलीय.”

सगळ्यात धाकट्या पिल्लाच्या अंगाला सुरकुत्या पडल्या होत्या. भागीने त्याला उचललं. ते कापसासारखं हलकं लागलं. तिने त्याला हळूच खाली ठेवलं, वर गेली आणि दातांनी माती कोरायला बसली. निरोपे ओरडले, “ए बाई, रस्त्यात काय बसतेस?” तिने मान वर केली नाही. दुपार कलता कलता थेंब खाली पडला. मग दुसरा. मग धार.

तिने आधी स्वतःचं तोंड ओलं केलं आणि तेच पिल्लाच्या तोंडाला लावलं. पिल्लू हललं.

दुसऱ्या दिवशी दरबारचा तपासनीस भुंगेरा पाहणीला आला. सोबत पंत. भुंगेऱ्याने मधल्या पन्हळीला पाय लावला. पाय ओला झाला.

“वा पंत! मधल्या खोलीतसुद्धा पाणी! नकाशा अगदी बरोबर.”

पंत लाजून गुलाबी झाले. ते कुठल्याही रंगाचे होऊ शकत. भुंगेऱ्याने त्यांना तिथल्या तिथे पळसाच्या पानाचा शेला दिला. तेवढ्यात त्याला वरचं भोक दिसलं.

“हे काय? नकाशात तर नाही.”

“बेकायदेशीर,” पंत म्हणाले. “भागे, तूच पाडलंस, तूच बुजव. बुजेपर्यंत रोज कळवत जा.”

“बुजवते, पंत.”

भागीने चिखलाचा गोळा आणला आणि भोकाशेजारी ठेवला. मग ती पिल्लांकडे गेली. संध्याकाळी तिने निरोप धाडला, ‘काम चालू आहे.’ दुसऱ्या दिवशीही तोच. त्या दरबारात काम चालू आहे म्हटलं, की पुढे कोणी विचारत नाही.

आता अकराही पिल्लांना पाय फुटलेत. काम अजून चालूच आहे.

तात्पर्य : तहान लागण्याआधी विहीर खोदावी, असं जुने लोक सांगत. त्यांचं ऐकू नका. विहीर नकाशात काढावी. एवढं करूनही ज्याला तहान लागेल, त्याची चौकशी करावी.